संगणकातील मध्यवर्ती वही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला दिला जाणारा नेहमीचा मोफत आधार थांबविला. त्यापुढील विंडोज ११ या आवृत्तीस टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीत चालणारे असंख्य संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. योगायोग असा की, २९ वर्षांपूर्वी याच तारखेला, म्हणजे १४ ऑक्टोबर १९९६ रोजी, जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिश या विद्यार्थ्याने केडीई या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पाची घोषणा केली होती. विंडोज १० मधून बाहेर पडावे लागणाऱ्यांनी संगणक भंगारात न काढता लिनक्सवर केडीई वापरून पाहावे, असे आवाहन या समूहाने २०२५ मध्ये केले.

व्यापारी कुटुंबांत या आवाहनाचा परिणाम अर्धाच होतो, आणि ते स्वाभाविक आहे. हिशेबाचा संगणक जागचा हलत नाही, कारण टॅली विंडोजवर चालते आणि मुनीमजींचा हात त्यावर बसलेला असतो. पत्रव्यवहाराचा, घरातील वडीलधाऱ्यांचा किंवा गोदामावरचा संगणक मात्र एखादा उत्साही पुतण्या रविवारी दुपारी लिनक्सवर नेतो. काही आठवडे सर्व सुरळीत चालते. मेल येतात, पत्ते दिसतात, घड्याळावर क्लिक केले की दिनदर्शिकाही उघडते. मग एके सकाळी मेलचा कार्यक्रम उघडताच खिडकीभर एकच संदेश दिसतो: अकोनाडी ही व्यक्तिगत माहिती व्यवस्थापन सेवा चालू नाही आणि तिच्यावाचून हा कार्यक्रम वापरता येणार नाही.

पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार, देणेकऱ्यांना पाठविलेली स्मरणपत्रे, दलालांचे नंबर, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा, असे सर्व काही त्या संदेशामागे अडकलेले असते. पुतण्या परगावी असतो. फोनवरून कोणीतरी सल्ला देतो, “अकोनाडीचा फोल्डर उडवा, आपोआप नवा तयार होईल.” हा सल्ला पूर्णतः चुकीचा नाही, म्हणूनच तो धोक्याचा आहे. तो केव्हा बरोबर ठरतो आणि केव्हा घात करतो, हे कळण्यासाठी ही सेवा काय करते ते समजून घ्यावे लागते.

शाखा आणि मध्यवर्ती खातेवही

बँकांत कोअर बँकिंग येण्यापूर्वीचे दिवस अनेकांना आठवत असतील. एकाच ग्राहकाचे बचत खाते एका शाखेत आणि कर्जखाते दुसऱ्या शाखेत असे. दोन्हीकडे त्याचा पत्ता स्वतंत्रपणे लिहिलेला असे. घर बदलल्यावर ग्राहक एका शाखेला कळवी आणि दुसरी शाखा जुन्याच पत्त्यावर नोटिसा धाडीत राही. केडीईतील कार्यक्रमांची स्थिती पूर्वी काहीशी अशीच होती. पत्तावही किंवा दिनदर्शिका ज्या ज्या कार्यक्रमाला लागे, तो तो कार्यक्रम ती संपूर्ण आपल्या स्मृतीत उतरवून घेई. वही जाड झाली की संगणक मंदावे, आणि एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला कळवत राहण्याचा खटाटोप वाढे.

यावर उपाय म्हणून एक मध्यवर्ती सेवा उभारावी, ती पडद्यामागे सतत चालावी आणि मेल, पत्ते, भेटींच्या वेळा, कामांच्या याद्या हे सर्व सांभाळावे, असे ठरले. कार्यक्रमांनी फक्त तिच्याकडे मागणी करावी. ही सेवा म्हणजेच अकोनाडी. घाना देशात कौल देणारी न्यायाची देवता म्हणून अकोनाडीला मान आहे. तिचे नाव या सेवेला दिले गेले. जुलै २००८ मधील केडीई ४.१ मध्ये तिचा समावेश झाला, २०१० च्या आरंभी पत्तावही तिच्यावर आली आणि २०११ मध्ये केमेल हा मेलचा कार्यक्रम. हे शेवटचे स्थलांतर अनेकांना त्रासदायक ठरले आणि ‘अकोनाडी बंद कशी करावी’ हा प्रश्न तेव्हापासून विचारला जाऊ लागला. ज्यांनी बँकेत मध्यवर्ती प्रणालीवर जाण्याचे पहिले आठवडे काढले आहेत, त्यांना त्या वैतागाचे नवल वाटणार नाही.

रचना समजण्यास सोपी आहे. मध्यभागी एक सर्व्हर असतो आणि त्याच्या हाताशी डेटाबेस. हा डेटाबेस पूर्वापार मायएसक्यूएल किंवा त्याचेच भावंड मारियाडीबी असतो. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हे पर्यायही आहेत. सर्व्हरभोवती छोटे मदतनीस असतात. त्यांपैकी प्रत्येक जण एका स्रोताशी बोलतो: एक आयमॅप मेलशी, एक पॉप-थ्री मेलशी, एक गुगलच्या दिनदर्शिकेशी, एक संगणकातीलच फोल्डरशी. जुन्या पेढीवर वसुलीला, बाजाराला आणि गोदामाला वेगवेगळी माणसे जात आणि संध्याकाळी सगळी एकाच गादीपाशी येऊन हिशेब देत, तसेच हे.

अस्सल कोणते, नक्कल कोणती

सगळा कस येथे लागतो. अकोनाडीच्या भांडारात असते ती बव्हंशी नक्कल. अस्सल दस्तऐवज बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो. मेलखाते आयमॅप पद्धतीचे असेल, तर अस्सल मेल सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते. पॉप-थ्री पद्धतीत मेल उतरवून घेतली जाते आणि पर्याय न निवडल्यास सर्व्हरवरून पुसलीही जाते. मग अस्सल प्रत तुमच्याच संगणकात उरते. ती ‘लोकल-मेल’ नावाच्या फोल्डरात, प्रत्येक मेलची एक फाइल अशा साध्या पद्धतीने ठेवलेली असते. संगणकातच ठेवलेले पत्ते ‘कॉन्टॅक्ट्स’ फोल्डरात असतात आणि दिनदर्शिका एका आयसीएस फाइलीत. अकोनाडीचे स्वतःचे भांडार या सर्वांच्या शेजारीच, ‘अकोनाडी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात. हे सारे होम फोल्डरातील एका लपविलेल्या कप्प्यात असते आणि लपविलेल्या फाइली दाखविण्याचा पर्याय निवडल्यावर दिसते.

आता फोनवरील त्या सल्ल्याकडे वळू. ‘अकोनाडी’ फोल्डर काढला, तर नक्कल जाते. सेवा पुन्हा सुरू झाल्यावर ती स्रोतांकडून पुन्हा उतरवून घेतली जाते. येथवर ठीक. परंतु घाईत हात शेजारच्या ‘लोकल-मेल’वर पडला, तर पॉप-थ्रीने उतरविलेला सर्व पत्रव्यवहार जातो, आणि तो परत देणारे जगात कोणी नसते. जुनी पेढी असेल तर मेलखाते पॉप-थ्रीचे असण्याची शक्यता अधिक, कारण त्या काळी सर्व्हरवर जागा कमी मिळे आणि मेल उतरवून घेणे हीच रीत होती.

केवळ ‘अकोनाडी’ फोल्डर काढला तरी तीन गोष्टींचा फटका बसतो. पहिली गोष्ट, वाटेत अडकलेले बदल. इंटरनेट बंद असताना तुम्ही एखादा पत्ता सुधारला किंवा मेल दुसऱ्या फोल्डरात हलविली, तर तो बदल प्रथम भांडारात नोंदला जातो आणि जोडणी मिळाल्यावर स्रोताकडे पोहोचतो. तो पोहोचण्यापूर्वीच भांडार पुसले, तर कीर्दीत लिहिलेली पण खतावणीत न उतरलेली नोंद फाडून टाकल्यासारखे होते. दुसरी गोष्ट, मेलला लावलेल्या खुणा. त्यांपैकी काही केवळ भांडारातच राहतात, त्या पुसल्या जातात. तिसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि ती महिनाभराने उघडकीस येते. अकोनाडी प्रत्येक फोल्डरला एक क्रमांक देते आणि मेल आपोआप वर्गवार लावण्याचे नियम त्या क्रमांकावर बेतलेले असतात. भांडार नव्याने बांधले की क्रमांक बदलतात. ‘अमुक दलालाची मेल तमुक फोल्डरात’ हा नियम यादीत दिसतो तसाच दिसतो, पण त्याचे बोट जुन्या वहीच्या पान-क्रमांकाकडे असते. पाठविलेली मेल कोठे ठेवायची, ही नोंदही अशीच भरकटते. म्हणून भांडार पुनर्बांधणीनंतर प्रत्येक नियम आणि प्रत्येक ओळख उघडून फोल्डर पुन्हा निवडावा लागतो. हे काम अर्ध्या तासाचे आहे. न केल्यास होणारा गोंधळ मात्र वर्षभर पुरतो.

फोल्डर काढण्याआधी

सेवा चालविण्यासाठी एकच आज्ञा पुरते. टर्मिनल उघडून रोमन अक्षरांत सलग ‘अकोनाडीसीटीएल’ लिहायचे आणि पुढे ‘स्टेटस’, ‘स्टॉप’, ‘स्टार्ट’ किंवा ‘रीस्टार्ट’ हा शब्द जोडायचा. हे काम नेहमीच्या लॉगिनमधूनच करावे, प्रशासकाच्या अधिकाराने करू नये. ही सेवा प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी असते आणि प्रशासकाच्या नावाने चालविली तर फाइलींची मालकी बिघडून नवेच दुखणे सुरू होते.

सेवा उठत नसेल, तर प्रथम डिस्कवर जागा शिल्लक आहे का ते पाहावे. डिस्क काठोकाठ भरल्यावर डेटाबेस सुरू होण्यास नकार देतो, आणि हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा सापडते. दुसरे कारण वीज. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली की डेटाबेसच्या फाइली अर्धवट राहू शकतात. तालुक्याच्या गावी जेथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेथे यूपीएसवर झालेला खर्च या एका कारणासाठीही वाया जात नाही. तिसरे कारण म्हणजे प्रणाली अद्ययावत करताना डेटाबेसची आवृत्ती बदलणे. भांडाराच्या आत डेटाबेस स्वतःची त्रुटी-नोंद ठेवतो. तिच्या शेवटच्या काही ओळी पुतण्याला पाठविल्या, तर फोनवरचे निम्मे अंदाज वाचतात. संपूर्ण होम फोल्डरच नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर ठेवण्याची हौस काहींना असते. मायएसक्यूएलला ती मानवत नाही.

सेवा उठते पण मेल दिसत नाहीत किंवा एकच मेल दोनदा दिसते, अशा वेळी त्याच आज्ञेपुढे ‘एफएससीके’ जोडावे. ही तपासणी बँकेतील ताळमेळासारखी चालते. ज्या नोंदींचा मालक सापडत नाही, त्या पुसून न टाकता ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या कप्प्यात ठेवते. हिशेबात ज्याला उचंत खाते म्हणतात, तेच हे. तो कप्पा एकदा उघडून पाहावा. हरवली असे समजलेली मेल तेथे सापडू शकते. ‘व्हॅक्यूम’ ही दुसरी तपासणी डेटाबेसमधील रिकामी झालेली जागा आवरते. ती वर्षातून एकदा केली तरी चालेल.

भांडार काढण्याखेरीज उपाय उरला नाही, तर सेवा थांबवावी आणि ‘अकोनाडी’ फोल्डर पुसण्याऐवजी त्याचे नाव बदलून बाजूस ठेवावे. नवे भांडार नीट चालते याची महिनाभर खात्री झाल्यावर जुने काढता येते. बँकेत रद्द केलेला धनादेशही लगेच फाडीत नसत.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. मेलचा कार्यक्रम उघडलाच नाही, तरी मायएसक्यूएल चालू दिसते आणि काहींना त्यात विषाणूचा संशय येतो. घड्याळाच्या दिनदर्शिकेत भेटी दाखविण्याचा पर्याय चालू असला, किंवा स्मरण देणारा कार्यक्रम सुरू असला, तरी अकोनाडी जागी होते. कोणाला ती मुळीच नको असेल तर ते पर्याय बंद करावेत. आणि स्पष्टच लिहायचे तर, पेढीवर एकच मेलखाते आहे आणि दिनदर्शिका भिंतीवर टांगलेलीच वापरतात, अशा ठिकाणी थंडरबर्ड पुरेसे आहे. ते स्वतःचे भांडार स्वतः ठेवते आणि अकोनाडीला हात लावीत नाही. पत्ते, भेटी, कामे आणि दोन-चार मेलखाती एकत्र नांदवायची असतील, तेव्हाच या मध्यवर्ती सेवेचे मोल कळते.

किल्ली कोणाजवळ

एकत्र कुटुंबात संगणकाचे लॉगिन बहुधा एकच असते आणि ते पेढीच्या नावाचे. अकोनाडी लॉगिनगणिक एक भांडार ठेवत असल्याने आजोबांचा देण्याघेण्याचा पत्रव्यवहार, सुनेच्या डॉक्टरांच्या भेटी आणि मुलाच्या नोकरीचे अर्ज हे सारे एकाच वहीत जाते. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणे हे दहा मिनिटांचे काम आहे. त्यात अविश्वास कोठेही नाही. घरात प्रत्येकाचे कपाट वेगळे असतेच.

मेलखात्यांचे संकेतशब्द अकोनाडीच्या भांडारात न ठेवता केवॉलेट या वेगळ्या तिजोरीत ठेवण्याची पद्धत आहे. ही तिजोरी पहिल्यांदा उघडताना स्वतःचा संकेतशब्द मागते. रोज विचारणा नको म्हणून अनेक जण तो रिकामा ठेवतात. मग तिजोरी न विचारता उघडते, म्हणजेच ती कोणासाठीही उघडी राहते. लॉगिनचा आणि तिजोरीचा संकेतशब्द एकच ठेवल्यास, योग्य मांडणी असलेल्या प्रणालीत ती लॉगिनबरोबरच उघडते. सोय आणि सुरक्षा दोन्ही त्यात साधतात.

भांडारातील मेल आणि पत्ते मात्र कुलूपबंद नसतात. अकोनाडी ते सांकेतिक रूपात ठेवत नाही. संगणकाची डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, की लॉगिनचा संकेतशब्द ठाऊक नसतानाही ते वाचता येतात. यावरील उपाय लिनक्स बसवितानाच करावयाचा असतो: संपूर्ण डिस्क सांकेतिक करण्याचा पर्याय तेव्हा निवडावा. पुतण्याने तो निवडला होता की नाही, हे आजच विचारून ठेवावे. नाही म्हणाला, तर तो संगणक कधीही विकताना किंवा कोणाला देताना डिस्क काढून घेणेच इष्ट. मेल सर्व्हरवरून पुसली म्हणजे डिस्कवरची नक्कलही नाहीशी झाली, असे मानता येत नाही.

हा विषय आता खासगी सावधगिरीपुरता राहिलेला नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु ग्राहकांचे फोन, वाढदिवस आणि पत्ते व्यापारासाठी साठविले, की पेढीवर ते जपण्याचे दायित्व येते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कायद्याने ठेवलेली दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. छोट्या पेढीला ती रक्कम परीकथेतली वाटेल, पण दायित्व मात्र तिलाही चुकत नाही.

दुसऱ्या बाजूने, माहिती टिकविण्याचेही बंधन आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब आणि संबंधित कागद वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. बिले आणि पावत्या आता मेलनेच येतात. व्यवहाराचा वाद न्यायालयात गेला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. मुद्दाम काढून ठेवलेली कागदी छापील प्रत तेवढ्याने पुरत नाही. मूळ मेल तिच्या शीर्ष-नोंदींसह जपलेली असावी.

प्रत घेणे, आणि परत घेणे

प्रत काढण्याचे दोन मार्ग आहेत. केडीईचाच ‘पिम डेटा एक्सपोर्टर’ हा कार्यक्रम मेल, पत्ते, दिनदर्शिका, नियम आणि मांडणी एकत्र बांधून एका फाइलीत देतो. दुसरा मार्ग साधा: सेवा थांबवावी आणि होम फोल्डराची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सेवा चालू असताना घेतलेल्या डेटाबेसच्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही. गल्ला मोजत असताना कोणी त्यात पैसे टाकीत राहावे, तसा तो हिशेब होतो. केवळ डेटाबेसची प्रत घेऊनही भागत नाही, कारण ४०९६ बाइटहून मोठा मजकूर अकोनाडी वेगळ्या फाइलींत ठेवते. जोडपत्रे असलेली महत्त्वाची मेल नेमकी तेथेच असते.

विंडोजवरून येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आउटलुकमधील पीएसटी फाइलीत सर्व काही एकाच गाठोड्यात असे. २०१० नंतरच्या आवृत्त्यांत त्याची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे. लिनक्सवर नेताना ते गाठोडे सोडवून घ्यावे लागते. ते सोडवून झाले तरी मूळ पीएसटी फाइल निदान दोन दिवाळ्या जपून ठेवावी.

प्रत घेतली, एवढ्यावर कोणी थांबू नये. पुतण्या सुट्टीत घरी आला की दुसऱ्या संगणकावर ती प्रत उघडून चार गोष्टी पाहाव्यात: दहा वर्षांपूर्वीची एक मेल, जोडपत्र असलेली एक मेल, दलालांपैकी एकाचा पत्ता आणि पुढील महिन्यातील विमा-हप्त्याचे स्मरण. चारही दिसल्या, तर त्या डिस्कवर चिकटपट्टी लावून तपासणीची तारीख शाईने लिहावी आणि डिस्क दुकानात न ठेवता घरच्या कपाटात ठेवावी.